बाभळीची आरामखुर्ची

सासऱ्यांचे गुडघे धरले नसते तर मी सुतारकामाच्या वाटेला गेलो नसतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं जे घडलं त्याची निम्मी जबाबदारी गुडघ्यांवर जाईल आणि निम्मीच माझ्याकडं उरेल. (माझी बायको ही वाटणी मानत नाही.)

माझे सासरे म्हणजे सुभेदार लालासाहेब सपकाळ. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढून पेन्शनीत आलेले. गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. उंचीला सहा फूट, आणि रुंदीला दार थोडं तिरकं होऊन ओलांडावं लागेल एवढे. त्यांच्या घरात ज्याला मिशी फुटली तो फौजेत गेला. मुलगी मात्र कारकुनाच्या घरी आली. आम्ही बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "छाती किती?" एवढंच विचारलं.

"एकतीस," मी म्हणालो.

"फुगवून सांगा."

"फुगवूनच सांगितली."

त्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. लग्न झालं ते शालूनं हट्ट धरला म्हणून. त्यानंतरच्या चार वर्षांत सुभेदार माझ्याशी जे काही बोलले ते बहुतेक पाऊसपाण्याविषयी होतं.

तर चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत त्यांचे दोन्ही गुडघे एकाच आठवड्यात संपावर गेले. जमिनीवर बसता येईना, बसलं तर उठता येईना. डॉक्टरनं सांगितलं, डोंगरावरून खाली जा, उबदार हवेत महिना काढा. शालूनं लगेच पत्र टाकलं आणि पंचवीस जानेवारीला ते आमच्याकडं इस्लामपूरला येणार असं ठरलं.

"आबांस्नी बसायला काय?" शालूनं मला विचारलं.

प्रश्न बरोबर होता. घरात दोन पाट, एक सतरंजी, एक लोखंडी कॉट आणि पत्र्याची घडीची खुर्ची एवढंच फर्निचर. त्यातली खुर्ची बसणाऱ्याला न विचारता स्वतःची घडी घालून घ्यायची. तिच्यावर सुभेदारांना बसवणं म्हणजे शत्रूचं काम झालं असतं.

मी नाथाजी सुताराकडं गेलो. त्याच्या अंगणात अकरा पलंग उभे होते.

"लग्नसराई हाय," नाथाजी म्हणाला. "होळी झाल्यावर या."

"सासरे पंचवीस जानेवारीला येणार आहेत."

"मग त्यास्नी होळी झाल्यावर बलवा."

परत येताना, चावडीपासून घरापर्यंतच्या वाटेत, मी ठरवलं की खुर्ची आपणच करायची. खुर्चीत असतं काय? चार पाय, दोन हात, एक पाठ. हे सगळं माझ्याकडंही होतं, फक्त पाय दोन कमी. आणि सासऱ्यांसाठी जावयानं स्वतःच्या हातानं खुर्ची केली म्हटल्यावर पाऊसपाण्याच्या पुढं बोलणं जाईल, अशीही एक आशा मनात होती. ती मी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यारं मागायला पुन्हा नाथाजीकडं गेलो. त्यानं करवत, रंधा आणि पटाशी पुढं ठेवली आणि माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले.

"बोटं किती हायती?"

"दहा."

"हत्यारं परत करताना दहाच दाखवायची. न्हाईतर माझ्या करवतीला बोल लागतोय."

लाकडाचा प्रश्न बाळासोनं सोडवला. बाळासो कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्या उसाच्या बांधावर एक जुनी बाभूळ पडली होती. "बाभूळ न्या," तो म्हणाला. "बैलगाडीची चाकं तिचीच असत्यात. माणूस मोडंल, पर बाभूळ न्हाई मोडायची. फकस्त ओली हाय. सा म्हैनं वाळवा."

माझ्याकडं अठरा दिवस होते. बाभूळ आम्ही कापून, गाडीतून घरी आणली आणि मी ती तीन दिवस वाळवली.

आता खुर्ची करायची कशी, हे बघायला मला एक चित्र सापडलं. एका खताच्या कॅलेंडरवर कुणी संस्थानिक आरामखुर्चीत मागं रेलून हुक्का ओढत होते. खुर्ची झकास होती. पण चित्र बाजूनं काढलेलं होतं. म्हणजे उंची दिसत होती, लांबी दिसत होती, पाठीचा कल दिसत होता. रुंदी किती हे मात्र चित्रकारानं आणि संस्थानिकानं मिळून झाकलं होतं. मी जवळ उपलब्ध असलेल्या माणसाचं माप घेतलं. जवळ मी होतो.

शालू चुलीपुढून बघत होती. "आवं, आबांच्या मापाची करा."

"खुर्ची म्हणजे काय बंडी आहे का, मापाला?"

"तुमी त्यात बसलासा की तुमच्या दोनी अंगाला चार बोटं ऱ्हात्यात. आबांच्या दोनी अंगाला खुर्चीच न्हाई ऱ्हायाची."

"कॅलेंडरमध्ये हात असेच जवळ आहेत," मी म्हणालो. (ते बाजूनं दिसत होतं, हे मी वर सांगितलंच.)

बाभळीशी माझी पहिली गाठ रविवारी पडली. करवत हलली, मी हललो, अंगणातली तुळस हलली. बाभूळ हलली नाही. तासाभरानं लाकडावर एक पांढरी रेघ उमटली, ती शालूनं ओल्या फडक्यानं पुसली. तिला वाटलं खडूची आहे. पण मी नेट लावला. रोज कचेरी सुटली की अंधार पडेपर्यंत कापायचो. नाथाजीच्या करवतीचे दात पुढं माझ्या आजोबांच्या दातांसारखे दिसायला लागले, म्हणजे जिथं असायला हवेत तिथं नव्हते.

खिळ्यांचं वेगळंच. बाभळीत खिळा जात नाही. तो टोकापर्यंत जातो आणि तिथं नमस्कार करतो. पहिल्या दिवशी मी बावीस खिळ्यांना नमस्कार करायला लावला. शेवटी ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून उसाच्या ट्रॉलीचे नट-बोल्ट आणले आणि गिरमिटानं भोकं पाडून ते आरपार बसवले. बोल्टाची टोकं बाहेर आली ती हातोड्यानं ठोकून चपटी केली. आता हे सुटणं शक्य नव्हतं. त्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

ठोकाठोकी ऐकून घरमालकीण दगडाबाई डोकावल्या. खुर्चीला अजून पाय लागले नव्हते. नुसता चौकोन आणि दोन बाजूंच्या पट्ट्या.

"पाळणा व्हय रं?" त्यांनी विचारलं.

तोंडात नट धरलेले असल्यामुळे मी "अं" असा आवाज केला. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून शालूला चिंच आणि आवळे आले. ती दारोदार जाऊन ते परत करून आली आणि आल्यावर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

पाय लावताना मागचे दोन पाय तीन बोटं आखूड निघाले. मी बराच विचार केला आणि पुढचे कापायचे नाहीत असं ठरवलं. आरामखुर्ची मागं कललेलीच असते. आखूड पायांमुळं ती आपोआप कलली, एवढंच. बैठकीची पुढची फळी त्यामुळं वर उचलली गेली आणि बसणाऱ्याचे गुडघे पोटाच्या दिशेनं आले. हेही आरामाचंच असावं.

चोवीस तारखेला खुर्ची पुरी झाली. मी पॉलिश पेपर मारला, तेल लावलं आणि बसून बघितलं. फार छान वाटलं. उठायला जरा झटावं लागलं, पण सुख सोडून उठायला कुणाला आवडतं?

पंचवीसला दुपारच्या गाडीनं सुभेदार आले. काठी टेकत दारातून तिरके आत आले, कॉटवर बसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिकडं थंडी कमी हाय."

"हो," मी म्हणालो.

असा आमचा संवाद सुरू झाला असताना आमच्या गल्लीतले आप्पासो आले. आप्पासो हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सुभेदारांच्याच पलटणीतले. माजी सैनिकांचं गावातलं सगळं काम ते बघत. त्यांनी आल्या आल्या टाचा जुळवून सलाम ठोकला.

"साहेब, उद्या हायस्कुलच्या पटांगणात झेंडा हाय. झेंड्याच्या मागनं जुन्या जवानांचा सत्कार. पैला नंबर तुमचा धरलाय."

"सत्काराचं सोड," सुभेदार म्हणाले. "झेंड्याला येतो. अठ्ठावीस वर्सात एक झेंडा चुकला न्हाई. गुडघं ऱ्हावू देत न्हाईतर जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा सुभेदारांची अंघोळ, दाढी, सगळं उरकलेलं होतं. फेटा बांधलेला, काळा कोट घातलेला, कोटावर तीन पदकं. झेंडा साडेनऊला होता आणि आत्ता साडेसात वाजले होते. ते काठीवर भार देऊन उभे होते, कारण कॉटवर बसलं की कोटाला सुरकुत्या पडतात.

हीच वेळ होती. मी आतून खुर्ची ओढत आणली (ती उचलवत नसे), वरची चादर बाजूला केली आणि म्हणालो, "आबा, तुमच्यासाठी. मी स्वतः केली."

सुभेदारांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. एक हात हलवून बघितला. तो हलला नाही.

"तुमी केली?"

"हो."

"लाकूड?"

"बाभळीचं."

ते प्रथमच माझ्याकडं नीट बघत म्हणाले, "आसं?"

मग काठी शालूकडं दिली आणि ते खुर्चीत बसायला खाली झाले. अर्ध्या वाटेवर थांबले. दोन्ही हात त्यांच्या कमरेला लागले होते. ओल्या बाभळीनं "कर्र" असा आवाज केला, हात बोटबोटभर बाहेर फाकले, सुभेदार एकदम तळाला गेले आणि हात पुन्हा जागच्या जागी आले. पाठ मागं गेली, गुडघे वर आले, फेटा भिंतीला टेकला.

"कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं अंग हलवून बघितलं. मग म्हणाले, "घट्ट हाय."

फौजी माणसाच्या तोंडून हा शब्द. मी शालूकडं विजयी नजरेनं बघितलं. ती आबांच्या कानांकडं बघत होती. ते लाल व्हायला लागले होते.

"आबा, चहा आणू? हिकडं या चुलीम्होरं, ऊब हाय."

"हितं बरं हाय."

"उठता येतंय न्हवं?"

"उठायचं आसंल तवा उठीन," सुभेदार म्हणाले.

मी शालूला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं की, माणसाला आयुष्यात प्रथम मनासारखी खुर्ची मिळाली की तो असाच बसतो. बाहेर येऊन मी सासऱ्यांसमोर पाटावर बसलो आणि त्यांना सगळी हकीकत सांगितली. करवत कशी चालली, बोल्ट कसे ठोकले, बैठकीला कल कसा साधला. एक तासभर मी बोलत होतो आणि सुभेदार जागचे हलले नाहीत. अधूनमधून ते खुर्चीचे दोन्ही हात धरून डोळे मिटायचे आणि त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. मला वाटलं, भरून येतंय.

"बोल्ट सुटायचं न्हाईत म्हनता?" त्यांनी मध्येच विचारलं.

"शक्यच नाही, आबा. टोकं चपटी केलीत."

"आसं, आसं," ते म्हणाले.

नऊ वाजता आप्पासो आले. बरोबर तिघे माजी सैनिक, कडक इस्त्रीत.

"चला साहेब. पटांगण भरलं."

सुभेदार म्हणाले, "तुमी व्हा म्होरं."

"म्होरं कसं व्हायाचं? पैला नंबर तुमचा."

"मी येतो मागनं. जरा बसतो."

"गुडघं लय दुखत्यात का?"

सुभेदारांनी आप्पासोंकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पाटावर बसून त्यांच्याकडं बघत होतो. त्या वेळी माझा चेहरा कसा होता हे मला माहीत नाही. शालू म्हणते, पहिला नंबर आलेल्या पोरासारखा होता.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "गुडघं."

आता इथं गप्प बसलो असतो तर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. पण मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "आबांना खुर्चीवरून हलवायचंच नाही. खुर्चीसकट नेऊ."

सुभेदारांनी "नको" असं म्हटलं. पण आप्पासो आणि मंडळींना कल्पना पसंत पडली. पलटणीत जखमी माणसाला असंच न्यायचे, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. चौघांनी चार पाय धरले, "एक, दो, तीन" म्हटलं, आणि खुर्ची जमिनीवरून एक वीत वर आली. तिथून ती खांद्यापर्यंत जायला अजून तीनदा "एक, दो, तीन" म्हणावं लागलं. बाभळीचं वजन बाभळीचं असतं.

असे आम्ही निघालो. पुढं आप्पासोंचा खांदा, वर सुभेदार, मागं मी काठी घेऊन, त्याच्या मागं शालू. आखूड पाय मागं असल्यामुळं सुभेदार आकाशाकडं तोंड करून चालले होते. बाजारपेठेत दुकानदार बाहेर आले. भाजी घेऊन बसलेल्या धोंडुबाईंनी उठून हात जोडले, खुर्चीवर झेंडूची दोन फुलं टाकली आणि मला विचारलं, "कंचा द्येव म्हनायचा ह्यो?"

"माझे सासरे आहेत," मी म्हणालो.

धोंडुबाईंनी फुलं परत घेतली.

पटांगणात पहिल्या रांगेत मधोमध जागा करून खुर्ची ठेवली. शाळेच्या खुर्च्या तिच्या शेजारी पोरकट दिसत होत्या. मी मुद्दाम लांब, बाजूला उभा राहिलो, म्हणजे कुणी विचारलं, ही खुर्ची कुणी केली, तर पुढं येता येईल. सुभेदारांच्या मागच्या रांगेत मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी पाहुणे, मागं पाचशे पोरं.

पाहुण्यांनी पुढं जाऊन दोरी ओढली. झेंडा वर गेला, उलगडला. बँड वाजला. सगळं पटांगण उभं राहिलं.

सुभेदार बसलेले होते.

मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. साडेसातपासून काय चाललं होतं ते, मानेच्या शिरा, बोल्टांची चौकशी, लाल कान, सगळं. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस झेंड्यासमोर पहिल्या रांगेत बसून होता, आणि त्याला तिथं बसवणारा मी होतो. धावत जावं तर राष्ट्रगीत सुरू झालेलं. मी सावधान उभा होतो. हलता येत नव्हतं.

सुभेदारांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. मान खाली घातली. घशातून एक आवाज काढला, तो बँडमध्येही ऐकू आला. आणि ते उठले.

खुर्ची त्यांच्याबरोबर उठली.

ती कमरेला तशीच घट्ट होती. सुभेदार सरळ झाले तशी खुर्ची आडवी झाली आणि तिचे चारही पाय मागच्या रांगेच्या दिशेनं निघाले. पाहुणे झेंड्यापाशी होते म्हणून वाचले. मुख्याध्यापक वाचले नाहीत. एक पाय येऊन त्यांच्या छातीवर, बरोबर खिशातल्या पेनावर टेकला. पण राष्ट्रगीत चालू होतं. ते हलले नाहीत. त्यांनी फक्त श्वास धरला.

राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात हे पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यातला एक एक सेकंद केवढा असतो ते मी त्या दिवशी बघितलं. सुभेदार सावधान उभे होते. हात बाजूला, हनुवटी वर, पदकं चमकतायत, आणि मागं बाभळीची आरामखुर्ची, भिंतीतल्या खुंटीसारखी. ज्या गुडघ्यांनी त्यांना जमिनीवर बसू दिलं नव्हतं त्या गुडघ्यांवर ते स्वतः आणि चार माणसांनी चारदा उचललेलं लाकूड. गुडघे थरथरताना लांबून दिसत होते. पाचशे पोरं तोंड आवळून उभी होती. काही पोरं आतल्या आत हलत होती. बायकांच्या बाजूनं शालू माझ्याकडं बघत होती. त्या नजरेविषयी मी इथं काही लिहीत नाही.

गीत संपलं. सुभेदारांनी उजवा हात उचलून झेंड्याला कडक सलाम केला. खुर्ची थोडी डावीकडं कलली आणि मुख्याध्यापकांची सुटका झाली.

पटांगणात कुणी हसलं नाही. आप्पासोंनी टाळी वाजवायला सुरुवात केली, मग पहिली रांग, मग पाचशे पोरं. टाळ्या थांबेनात. सुभेदार खाली बसले तेव्हा जमीन हादरली. पाहुण्यांनी त्यांना नारळ दिला, आणि शाल पांघरली ती खुर्चीसकट पांघरली, कारण कुठं सुभेदार संपतात आणि कुठं खुर्ची सुरू होते हे त्यांना नक्की समजेना.

पुढचा कार्यक्रम एका वर्गात झाला. नाथाजीला बोलावून आणलं. त्यानं बोल्ट बघितले, पान्याचा विचार सोडून दिला, आणि मी परत केलेली करवत बाभळीला लावली. ती लाकडावर नुसती घसरली.

"ह्या करवतीचं दात कुनी खाल्लं?" त्यानं विचारलं. वर्गात मी एकटाच खिडकीबाहेर बघत होतो. नाथाजीनं माणूस पाठवून घरून दुसरी करवत मागवली.

एक हात कापायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ सुभेदार आणि मी समोरासमोर होतो, आणि पाऊसपाण्याचा विषय निघण्यासारखा नव्हता.

"आबा," मी म्हणालो, "सकाळीच सांगायचं होतं."

"सांगणार हुतो. पैल्या मिंटालाच सांगणार हुतो." सुभेदार म्हणाले. "पर तुमी पाटावर बसून बोलायला लागलासा. आवो, तासभर तुमी बोलत हुता. चार वर्सात तुमी माज्याम्होरं धा शब्दं बोलला न्हाईसा. मी म्हनलं, बोलू दे गड्याला. मग आप्पासो आला. चार मान्सांत कसं सांगायचं, की जावयाच्या खुर्चीत आडाकलोय? तुमचं त्वांड कसं झालं आसतं?"

मी खाली पडलेला लाकडाचा भुसा पायानं गोळा करायला लागलो.

"आनी दुसरं," सुभेदार म्हणाले, "खुर्चीनं हरवलं आसं सांगायचं मला जमंना."

तेवढ्यात हात कापून खाली पडला. नाथाजीनं घाम पुसला, बोल्ट आणि सांधे चाचपून बघितले, मग म्हणाला, "जोड लय इमानानं केलाय. मानूस बसवायचा नसता तर वस्तू नामी हाय."

सुभेदार उठले. या वेळी एकटे. काठी घेऊन चालत घरी आले. दुपारी पुरणपोळी खाल्ली आणि कॉटवर आडवे झाले. शालूनं माझ्या ताटात पुरणपोळी वाढली नाही, पण तूप वाढलं. मी ते भातावर घेतलं आणि हे प्रकरण मिटल्याचं चिन्ह समजलो.

तीन दिवसांनी, संध्याकाळी मी कचेरीतून येऊन एका हाताची खुर्ची अंगणात ढकलत होतो, तेव्हा फाटकाशी ज्ञानू उभा राहिला. ज्ञानू गुरांच्या दवाखान्यात शिपाई आहे. त्यानं खुर्चीला हात लावून बघितलं, मग रामराम घातला.

"तुमीच केली न्हवं ही?"

मी जरा छाती काढली. (एकतीसच, पण काढली.) "हो. का?"

"आमचं डाक्टरसायेब झेंड्याला आलं हुतं. त्यांनी समदं बघितलं. तवापास्नं म्हनत्यात, ज्यानं केली त्याला गाठ."

शालू दारात येऊन उभी राहिली. आत कॉटवर सुभेदारांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "साहेबांना आरामखुर्ची हवी आहे?"

"सायबास्नी नगं," ज्ञानू म्हणाला. "दवाखान्यात म्हशी धरायचा खोडा हाय, त्यो खिळखिळा झालाय. सुई टोचायला गेलं की म्हस खोडा मोडून पळतीया. सायेब म्हनलं, सुभेदारासारखा दणकट गडी ज्यातनं सुटला न्हाई, त्यातनं म्हस काय सुटतीया? तसला एक करून पायजे."

मी शालूकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"मी कारकून माणूस," मी ज्ञानूला म्हणालो. "हे असलं काम—"

"जावईबापू!" आतून सुभेदारांची हाक आली, परेडच्या मैदानावर द्यावी तशी.

"काय, आबा?"

"न्हाई म्हनू नगासा," सुभेदार म्हणाले. "ह्ये तुमाला जमंल."